एकच रस, चार रोपे : इंदूरच्या गच्चीवरील नोंद

मागच्या पावसाळ्यात भेंडीच्या पिवळ्या शिरांच्या पानांचा रस निरोगी भेंडीवर चोळून मी महिनाभर वाट पाहिली आणि हाती काही आले नाही. मुंबई इलाख्यातून १९२४ मध्ये नोंदवलेला हा रोग पांढऱ्या माशीच्या सोंडेतूनच पसरतो, हे आधी वाचले असते तर महिना वाचला असता. म्हणून यंदा काकडी घेतली.

जुलैत रामबागेतील आमच्या गच्चीवर एका वेलाची कोवळी पाने हिरव्या-पिवळ्या ठिगळांनी भरलेली आणि कडांनी खाली वळलेली दिसली. पानांच्या पाठीवर मावा होता. संशय काकडी मोझॅक विषाणूचा. हा विषाणू हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींना लागतो आणि माव्याने काही सेकंद सोंड टोचली तरी तेवढ्यात पसरतो. इतक्या वेगवेगळ्या झाडांत शिरणारा विषाणू सगळीकडे सारखाच वागतो का, एवढेच मला पाहायचे होते.

काकडी, मिरची, चवळी आणि पपई यांची कोवळी रोपे आदल्या दिवसापासून अंधारात ठेवली, कारण त्यामुळे पाने संसर्गाला अधिक हळवी होतात. रोगट पान थंड खलात फॉस्फेटच्या पातळ द्रावणाबरोबर वाटले, रोपांच्या पानांवर सूक्ष्म ओरखडे पडावेत म्हणून कार्बोरंडम या कठीण घासणीची बारीक पूड भुरभुरवून रस बोटाने हलकेच चोळला आणि लगेच पाण्याने धुतले. प्रत्येक जातीच्या दोन रोपांवर नुसते द्रावण चोळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चवळीच्या पहिल्या जोडपानांवर टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस-तपकिरी ठिपके उमटले होते. भिंगाखाली प्रत्येक ठिपक्याचा मधला भाग वाळून खोलगट झालेला आणि कडा गडद दिसत होत्या. आठवड्यानंतरही नवी पाने स्वच्छच होती. काकडीच्या नव्या पानांवर मात्र नवव्या दिवशी मोझॅक आला, मिरचीला पंधरवडा लागला. पपई आणि नुसते द्रावण चोळलेली रोपे आजही निरोगी आहेत.

म्हणजे चवळीत विषाणू शिरला होता. चवळीने त्याला ओळखले आणि आजूबाजूच्या स्वतःच्याच पेशी मारून तिथेच कोंडले. ती ज्याला ओळखते, ते विषाणूच्या जनुकांच्या प्रती काढणारे २ए नावाचे प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; तिच्यातील ६३१ आणि ६४१ या दोन जागांवरची अमिनो आम्ले बदलली की चवळीचा हा पहारा चुकतो आणि विषाणू सगळ्या झाडात पसरतो, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. हा विषाणू आरएनए विषाणू आहे, आणि अशा विषाणूंच्या प्रती काढताना झालेल्या चुका सहसा दुरुस्त होत नसल्याने असे बदल घडतच राहतात. शेंगवर्गीय पिकांत राहणारे या विषाणूचे काही प्रकार चवळीला खरोखरच सर्वांगी लागतात. त्या ठिपक्यांकडे मी बराच वेळ बघत राहिलो. दोन अमिनो आम्लांवर इतके अवलंबून असावे, याचे नवल अजून ओसरलेले नाही.

पुढचा प्रयोग पपई रिंगस्पॉट विषाणूचा. त्याचा एक प्रकार पपईला आणि भोपळ्याच्या कुळाला लागतो, दुसरा फक्त भोपळ्याच्या कुळाला. जिन्याजवळच्या भोपळ्याची पाने फोडाळली आहेत. पपईच्या नव्या बियांतून अकरा रोपे वर आली असून ती मलमलीखाली ठेवली आहेत. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रस चोळायचा आहे.