सांबाची झेंडेवाली

रिओच्या कार्निव्हलचे दिवस आले की आमच्या ढोल पथकाच्या ग्रुपवर पोरं पिसांचे मुकुट घातलेल्या नर्तकींचे फोटो टाकत सुटतात. टाका बाबांनो. माझी लाडकी त्यात नसतेच. ती पायघोळ, घेरदार पोशाखात बेजा-फ्लोर या सांबा स्कूलचा, म्हणजे कार्निव्हलच्या स्पर्धेत उतरणाऱ्या तिथल्या पथकाचा, झेंडा घेऊन गिरक्या घेत असते. सेल्मिन्या सोरीझो तिचं नाव.

ठाण्याच्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत मी ध्वज नाचवते, त्यामुळे तिचे व्हिडिओ बघताना माझी नजर आधी मनगटावर जाते. सांबाच्या मिरवणुकीत असून ही पोर्ता-बांदेइरा, म्हणजे झेंडेवाली, सांबा नाचतच नाही! दोन्ही बाजूंनी गिरक्या घ्यायच्या आणि कापड सतत फुललेलं ठेवायचं, हे तिचं काम. काठीचं बूड कमरेच्या पट्ट्यातल्या खोबणीत टेकलेलं असतं, तरी वारा सुटला की कापड काठीला गुंडाळायला बघतंच. राम मारुती रोडवर माझा ध्वज गुंडाळला तर कोणी ढुंकून बघत नाही. तिथे परीक्षक गुण कापतात. झेंडेवाली आणि तिच्याभोवती रुंजी घालणारा तिचा जोडीदार मेस्त्रे-साला, या जोडीला स्वतंत्र गुण असतात आणि निकाल दशांशात लागतो. २०१८ साली बेजा-फ्लोर जिंकली ती अवघ्या ०.१ गुणाने. म्हणजे एक चुकार झुळूक आणि अख्ख्या स्कूलचं वर्ष पाण्यात.

सेल्मिन्याचा जोडीदार क्लॉडिन्यो. १९९६ पासून दोघं बेजा-फ्लोरमध्येच. २०२५ला स्कूल पुन्हा जिंकली तेव्हाही झेंडा हिच्याच हातात होता. इतकी वर्षं एकाच माणसाच्या पावलांचा अंदाज घेत नाचायचं! आमच्याकडे दोन सीझन टिकलेली जोडी दाखवा.

आणि ही बाई रिओच्या अग्निशमन दलातली. हे कळलं तेव्हा तिचा ताठ कणा मला जरा जास्तच कळला.

आमच्या पथकात मात्र रीत अशी, की ढोल झेपत नसेल तर ध्वज घे. मला हे अजिबात पटत नाही. यंदा सरावात ध्वजवाल्यांना पहिला आठवडा वेगळा द्या, असं दादाला सांगितलंय, सोबत सेल्मिन्याचा व्हिडिओही पाठवलाय. निळ्या टिका आल्यात. "बघू," म्हणाला.