मंदी गोव्यात येत नाही का?

"काका, सगळीकडे मंदी मंदी चाललंय आणि तुमच्या गोव्यात कसं सगळं मजेत?" हा प्रश्न चवथीला आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला कुणीतरी विचारतो. २०१९ साली तर उठता-बसता विचारला गेला. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तरच लिहून टाकतो. मी डिचोलीत लोकांचे हिशेब लिहितो, आयकर आणि जीएसटीचे कागद भरतो. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण कुणाच्या वहीत पैसा कधी आला आणि कधी यायचा थांबला, हे मला कळतं.

२०१९चंच घ्या. त्या वर्षी गाड्यांचा खप पडला होता आणि चाकण-पिंपरीकडे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत सक्तीच्या सुट्ट्या चालू होत्या. तिकडचा आमचा एक भाचा चार दिवस इथे येऊन गेला. कळंगुटला गाडी लावायला जागा मिळाली नाही, हॉटेलात दोनदा फिरावं लागलं. निष्कर्ष तयार : गोव्यात मंदी नाही. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, तू चुकीच्या तालुक्यात जेवलास." कळंगुटपासून गाडीने तासाभरावर आमच्या डिचोली-सत्तरीत २०१८च्या मार्चपासून लोहखनिजाच्या खाणी पुन्हा बंद होत्या आणि बाजारात संध्याकाळी सातला शटर खाली येत होतं.

मुळात मंदी म्हणजे वीज जाणं नव्हे, की सगळ्या गावात एकदम अंधार व्हावा. ती कुठेतरी सुरू होते, कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा हात आखडतो, आणि त्या गिऱ्हाइकाच्या पैशावर जे जगतात त्यांच्या घरी ती आधी पोचते. म्हणून अमुक प्रदेश मंदीत का टिकला असं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो, त्या प्रदेशाला बाहेरून पैसा देतो कोण? गावातल्या गावात न्हावी, किराणा, शिंपी एकमेकांना पैसे देत राहतात ते ठीक. पण बाहेरून येणारा पैसा आटला की दोन-तीन महिन्यांत न्हाव्याचंही गिऱ्हाईक कमी होतं. आणि तो बाहेरचा पैसा देशातल्या मंदीपासून लांबच्या कुणाकडून येत असेल, तर देश कण्हत असतानाही गाव बरं असतं.

२००८ साली हे लख्ख दिसलं. अमेरिकेत बँका कोसळल्या आणि सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडायच्या घंट्या (चाकं) बंद पडून कारागीर गावी परतले, कारण त्या हिऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. आमच्याकडेही त्या हिवाळ्यात धस्स झालं. खनिजाचे भाव घसरले, ते नदीतून नेणाऱ्या बार्जेस नांगरून पडल्या. पण आमचं गिऱ्हाईक अमेरिका नव्हतं, भारतही नव्हता. गोव्याचं खनिज हलक्या प्रतीचं. आपल्या पोलाद कारखान्यांनी त्याच्याकडे कधी फारसं पाहिलं नाही. पोर्तुगिजांच्या काळात ते जपानला जाऊ लागलं, आणि पुढे चीनने तर इतकी मागणी लावली की पूर्वी टाकाऊ म्हणून ढीग घालून ठेवलेला मालही विकला गेला. नोव्हेंबर २००८ मध्ये चीन सरकारने मंदीवर उतारा म्हणून ४ लाख कोटी युआनचा कार्यक्रम काढला : रस्ते, रेल्वे, घरं. त्याला पोलाद लागलं, पोलादाला खनिज लागलं. देशातले इतर निर्यातदार अजून डोक्याला हात लावून बसले होते तेव्हा आमच्याकडे लोक नवे ट्रक बुक करत होते. २०११च्या सुरुवातीला चांगल्या प्रतीच्या खनिजाचा भाव टनाला १८० डॉलरच्या पुढे गेला होता. वेळगे, पाळे, होंडा, पिसुर्ले या पट्ट्यातल्या रस्त्यांवर तेव्हा दुचाकी घालायची सोय नव्हती.

यात गोव्याची हुशारी किती? माझ्या मते फार थोडी. बीजिंगमध्ये कुणीतरी सही केली आणि वेळग्यात कुणाच्या तरी घरावर स्लॅब पडला.

अमेरिकेतही त्याच काळात असंच घडलं. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथली बेकारी १० टक्क्यांवर गेली. गाड्या बनवणाऱ्या मिशिगनचे हाल तर विचारू नका. पण उत्तर डाकोटा या एका कोपऱ्यातल्या राज्यात बेकारी ४ टक्क्यांच्या आसपास राहिली, कारण तिथे जमिनीखालच्या खडकातून तेल काढायचं तंत्र तेव्हाच चालायला लागलं होतं आणि शेतमालालाही बरे भाव होते. टेक्सासही इतरांपेक्षा सावरला. तेल होतंच, पण घरावर कर्ज काढून चैन करायला तिथल्या कायद्याने जुनीच मर्यादा घातली होती : घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपलीकडे कर्ज नाही. त्यामुळे घरांच्या किमतींचा फुगा तिथे नेवाडासारखा फुगलाही नाही आणि फुटलाही नाही. उत्तर डाकोटाची कथा मात्र आमच्यासारखीच पुढे गेली. २०१४ नंतर तेलाचा भाव पडला आणि बाकी अमेरिका सावरत असताना तिथे माणसं सामान बांधायला लागली.

आमचा २०१४ म्हणजे २०१२. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबर २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. बेकायदा खाणकाम किती झालं, विहिरी आटल्या, शेतात गाळ गेला, हे सगळं खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. मी फक्त हिशेबाचं सांगतो. त्या वर्षी देशाची वाढ मंदावलेली असली तरी ५ टक्क्यांच्या वर होती. गोव्याचं उत्पन्न त्याच वर्षी दोन आकडी टक्क्यांनी घटलं आणि पुढच्या वर्षीही घटलंच. देशाच्या आलेखात आमची मंदी कुठे दिसतसुद्धा नाही. पंधरा लाख माणसांचं राज्य, दिसणार कसं?

एक वही मात्र डोळ्यांसमोर आहे. दोन ट्रकांचा मालक, पाळ्याच्या बाजूचा. पहिला ट्रक फिटलेला, दुसरा खनिजाच्या भावाच्या तेजीत कर्जाने घेतलेला. वहीत त्याने रकाने आखले होते : खेपा, डिझेल, टायर, ड्रायव्हर, हप्ता. खाणीचा हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसात काम बंद. म्हणजे आठ महिन्यांत बारा महिन्यांचे हप्ते कमवायचे. ऑक्टोबर २०१२च्या पानावर खेपांच्या रकान्यात रेघ, डिझेलला रेघ. ड्रायव्हरला अर्धा पगार, कारण तो झारखंडचा आणि "चार दिवसांत सुरू होईल" म्हणून थांबवून ठेवलेला. हप्त्याचा रकाना पूर्ण भरलेला. पुढच्या पानावरही तेच. ड्रायव्हर डिसेंबरात गावी गेला. मग विम्याचा हप्ता चुकला, मग फिटलेल्या ट्रकाचे टायर विकले, मग बॅटरी. मग तो ट्रकच, भंगाराच्या भावाच्या थोडा वर. उसगावचं गॅरेज, टायर रिमोल्डवाला, जेटीजवळचा चहा-भजीचा गाडा यांच्या वह्याही मी बघत होतो. सगळीकडे तेच पान वेगळ्या अक्षरात.

मग हा माणूस तरला कसा? त्याचा धाकटा भाऊ वीज खात्यात. दुसऱ्या ट्रकाचे हप्ते जवळजवळ दोन वर्षं त्या पगारातून गेले. घरात भांडणं झाली, ती आम्हाला ऑफिसात बसून ऐकावी लागली, पण हप्ते गेले.

बाहेरच्यांना न दिसणारा गोव्याचा खरा टेकू हा आहे. साठ हजारांच्या वर सरकारी नोकर, म्हणजे दर पंचवीस माणसांमागे एक. त्यावर पेन्शनवाले, त्यावर दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार, गृह आधारचे दीड हजार. शिवाय आखातातून येणारा पैसा, आणि सासष्टी-बार्देशात बोटीवर कामाला असलेल्यांचा. यातला प्रत्येक पैसा वेगळ्या ठिकाणाहून निघतो. खाण बंद पडली म्हणून मास्तरचा पगार थांबत नाही. कुवेतमध्ये काही झालं म्हणून पणजीतलं खातं बंद पडत नाही. डिचोलीच्या बाजारात २०१३ साली जी दुकानं टिकली ती बहुतेक एक तारखेच्या पगारावर टिकली. सरकारी नोकरभरतीला मी एरवी नावं ठेवतो. राज्य कर्ज काढून पगार वाटतं, आणि पोरं पंचविशी-तिशीपर्यंत नोकरीची वाट बघत घरी बसतात. २०२२-२३च्या सरकारी पाहणीत देशाची बेकारी ३.२ टक्के आणि गोव्याची ९च्या वर, ती काही उगाच नाही. पण मंदीत हाच पगार कामाला आला, हेही तितकंच खरं.

आणखी एक गोष्ट आहे, जी सांगितली की लोक थोडे गप्प होतात. गोव्याचे बेकार गोव्यात मोजले जात नाहीत. बांधकामावरचा गवंडी उत्तर कर्नाटकातला, हॉटेलातला पोरगा ओडिशाचा नाहीतर नेपाळचा, ट्रकावरचा झारखंडचा. काम संपलं की हा माणूस बिछाना गुंडाळून गाडीत बसतो आणि त्याची बेकारी कलबुर्गीच्या किंवा रांचीच्या खात्यात जमा होते. २०२०च्या मे महिन्यात करमळी, थिवी, मडगाव स्थानकांवरून श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा हे उघड्यावर आलं. ज्या प्रदेशात कामगार बाहेरून येतात, तो प्रदेश मंदीत असतो त्यापेक्षा ठीक दिसतो. दुबईचंही तेच. आणि ज्या जिल्ह्यातून माणसं जातात त्याला मंदी दोनदा लागते. एकदा मनीऑर्डर थांबते म्हणून, आणि एकदा खाणारं तोंड परत येतं म्हणून.

कोविडच्या वर्षाने तर सगळी वाटणी उलटी केली. ती मंदी माणसं जवळ येण्यावर बंदी घालून आली, म्हणून माणसं जवळ आणण्यावर जगणारे आधी गेले. २०१९ मध्ये गोव्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले होते, २०२० मध्ये ३० लाखांच्या आसपास. कळंगुटच्या एका हॉटेलवाल्याची जीएसटीची विवरणं मी महिनोन्महिने निल, म्हणजे शून्य उलाढालीची, भरली. त्याच महिन्यांत माझ्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची उलाढाल वाढली. हा बसवाला. पूर्वी खाणीच्या कामगारांची ने-आण करायचा. २०१२ नंतर मुकाट्याने औषध कारखान्यांकडे वळला. लॉकडाऊनमध्ये औषधं अत्यावश्यक, त्यामुळे सुरुवातीचा गोंधळ ओसरल्यावर कारखाने चालू. बसमध्ये मात्र निम्मीच माणसं बसवायची परवानगी, म्हणून तेवढ्याच कामगारांना खेपा जवळजवळ दुप्पट. कारखाना पैसे देत होता. आसगाव-शिवोलीकडे घरं असलेल्यांचंही नशीब फळफळलं. दिल्ली-मुंबई-बंगळूरचे लोक लॅपटॉप घेऊन राहायला आले आणि भाडी अशी चढली की गावातल्याच पोराला गावात खोली परवडेना. मोठ्या राज्यांत त्या वर्षी तमिळनाडूचं उत्पन्न किंचित का होईना वाढलं, तेही शेती, कारखाने, सेवा असं सगळंच थोडंथोडं असल्यामुळे. एक गेलं तर दुसरं धरून ठेवतं.

हे ऐकून पाहुणे विचारतात, मग गोव्यात फ्लॅट घेऊन ठेवणं सुरक्षित ना? घ्या, पैसे तुमचे आहेत. पण तो फ्लॅट भाड्याने घेणारा गुरगावचा असणार, त्याची नोकरी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकावर असणार. तुमची गुंतवणूक गोव्यात आहे असं तुम्हाला वाटेल एवढंच.

गावातल्यांचा प्रश्न हल्ली वेगळा आहे. खाणींचे लिलाव झाले, २०२४ मध्ये डिचोलीतली खाण पुन्हा सुरू झाली, आणि ट्रकाची कोटेशनं घेऊन लोक माझ्या टेबलावर येतात. घेऊ का? जुन्या मालकांची पोरं आहेत ही, त्यातल्या काहींच्या बापांच्या वह्या अजून माझ्या कपाटात आहेत. मी त्यांना एवढंच सांगतो की हप्ता बारा महिन्यांचा असतो आणि हंगाम आठ महिन्यांचा, तेव्हा आधी आठ महिन्यांत सगळं बसतंय का ते काढून आणा. भाव चीन ठरवतं, बंदी दिल्ली ठरवते, तेव्हा एक अख्खा हंगाम गेला तर काय, तेही लिहा. त्या कागदावर वहिनीचा शाळेतला पगार धरलेला असेल तर तो मी लाल पेनने खोडतो आणि कागद परत देतो.