संकष्टीचे मोदक आणि ०.४

आमच्याकडे दर संकष्टीला उकडीचे मोदक विकायला असतात. आईचा नियम एकच, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाता कामा नये. त्यामुळे ती दर वेळी दीडशे करायची आणि चंद्रोदयानंतर उरलेले शेजारी वाटायची. उकड दुसऱ्या दिवशी कोण खाणार?

कॉलेजात 'न्यूजव्हेंडर' मॉडेल शिकले आणि वाटलं, हे तर आपलंच घर! संध्याकाळी शिळा होणारा पेपर सकाळी किती घ्यायचा, एवढाच प्रश्न. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थने १८८८ मध्ये तो बँकेत रोकड किती ठेवावी यासाठी मांडला होता. एक नग कमी पडला तर बुडणारा नफा, त्याला त्या नफ्याच्या आणि एक नग उरल्यावर होणाऱ्या तोट्याच्या बेरजेने भागायचं.

मोदक ३० रुपयांना. खर्चात मी आधी मोदकपात्रापासून सगळं धरलं आणि २३ काढले. चुकलंच. एक मोदक जास्त केला तर जे वाढतं तेवढंच धरायचं: नारळ, गूळ, पिठी, नगावर दिलेली मजुरी. ते १८. म्हणजे १२ भागिले (१२ + १८), उत्तर ०.४. याचा अर्थ, दहापैकी चारच वेळा माल सगळ्यांना पुरावा. उरलेल्या साधारण सहा संकष्ट्यांना मोदक संपलेच पाहिजेत.

"सहा वेळा माणसं परत पाठवायची? हेच शिकवतात का तुम्हाला?" आई म्हणाली. तिचं अगदीच चूक नव्हतं. परत गेलेला माणूस पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातो, ते नुकसान १२ रुपयांत येत नाही. पण त्याची किंमत किती, यावर आमचं आजवर एकमत नाही.

खरी अडचण वहीत होती. 'सात वाजता संपले' या नोंदीत विक्री कळते, मागणी नाही. मग परत जाणाऱ्यांना किती हवे होते, त्याच्या रेघा मारायला लागले. अंगारकी वगळून अकरा संकष्ट्यांचे आकडे जमले. चढत्या क्रमाने लावले, अकराचे ०.४ म्हणजे ४.४, म्हणून पाचवा आकडा घ्यायचा. तो १२५ निघाला.

मग मला शहाणपण सुचलं. रात्री साडेनऊनंतर उरलेले १५ ला विकायचे. उरल्याचा तोटा १८ वरून ३ वर, गुणोत्तर थेट ०.८, म्हणजे नववा आकडा, १७०! कागदावर झकास. तिसऱ्या संकष्टीपासून नेहमीची मंडळीही साडेनऊलाच येऊ लागली. उपास सुटायला तसाही चंद्र लागतोच, त्यांचं काय अडतंय? सूत्रात मागणी किमतीकडे बघत नव्हती, गल्ली मात्र बघत होती.

सवलत बंद केली. आता आदल्या रात्रीपर्यंत सांगितलं तर २८, आयत्या वेळी ३२. बरेचसे आधीच सांगतात, त्यामुळे अंदाज फक्त उरलेल्यांचा बांधावा लागतो. आई तरीही वर दहा करतेच. ते बाप्पाचे, हिशेबात धरायचे नाहीत.