उपग्रहांवरून बोटीचा रोख मोजताना आलेला माझा अनुभव

बोट सरकते ती दिशा आणि तिच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, रोख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवाह आडवा असला की त्यांच्यात बरेच अंश अंतर पडते, आणि बोट नांगरावर असताना एका अँटेनाच्या जीपीएसला रोख मुळीच सांगता येत नाही. इंजिनाच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्रही भरवशाचे राहिले नव्हते, म्हणून मी दोन अँटेनांचा जीपीएस रिसीव्हर घेतला. तो बसवून वायरी ओढायला एक दिवस पुरला.

त्यानंतरचे पाच आठवडे मात्र एकाच अडचणीत गेले. रिसीव्हर दोन्ही अँटेनांवर पोहोचणाऱ्या लहरींच्या कलांतील (लहर आपल्या चक्रात कुठे आहे त्यातील) फरक मोजतो. जीपीएसची एल१ नावाची लहर सुमारे १९ सेंटिमीटर लांब असते. फरकाचा अपूर्णांक भाग थेट मोजता येतो, पण त्यात पूर्ण लहरी किती, हे गणिताने शोधावे लागते. तो पूर्णांक चुकला की रोख चुकीच्याच आकड्यावर स्थिर बसतो आणि पडद्यावर सारे ठीक दिसते. माझ्याकडे दर काही मिनिटांनी हेच होत होते. विक्रेत्याच्या मदत कक्षाने तीनदा तोच अर्ज भरून घेतला आणि तिन्ही वेळा फर्मवेअर, म्हणजे रिसीव्हरमधली आज्ञावली, बदलण्याचा सल्ला दिला. अँटेना कुठे बसवल्या आहेत, हे कोणीही विचारले नाही. त्याचा राग अजून ओसरलेला नाही, कारण दोष तिथेच होता: मागची अँटेना धातूच्या डोलकाठीला खेटून होती आणि काठीवरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीत मिसळत होती. दोन्ही अँटेना डोलकाठीपासून दूर, उंच दांड्यांवर नेल्या आणि त्याच संध्याकाळी रोख बरोबर आकड्यावर स्थिरावला.

दोन्ही अँटेना एकाच बनावटीच्या असाव्यात आणि त्यांची तोंडे एकाच बाजूला वळवावीत, म्हणजे त्यांच्या कला-केंद्रांचे (अँटेनातील ज्या बिंदूवर लहर मोजली जाते त्याचे) दोष परस्परांना रद्द करतात. त्यांच्यातील अंतर जमेल तितके वाढवावे: १ मीटर अंतरावर १ सेंटिमीटरची चूक अर्ध्या अंशाहून थोडी अधिक भरते, २ मीटरवर तिच्या निम्मी. हे आधी सांगायला हवे होते, पण अँटेना नाळ ते मागची बाजू अशा रेषेत असतील तर रोखाबरोबर बोटीची पुढे-मागे होणारी डोलही मिळते. कडेवर होणारी डोल हवी असल्यास त्या रेषेबाहेर तिसरी अँटेना लागते. अँटेना बोटीच्या रुंदीच्या रेषेत आडव्या बसवल्या असतील, तर रोखात ९० अंशांची दुरुस्ती भरायला विसरू नये.