लोकरीचं प्रवाळ विणताना मी कुठे अडले आणि कुठे सुचलं

क्रोशे मी शाळेपासून करते, रुमाल, तोरणं, बाळांच्या टोप्या सगळं करून झालंय, पण प्रवाळ करायला घेतलं आणि अडकलेच. फोटो बघून विणलेलं पहिलं प्रवाळ अगदी टीपॉयवरच्या रुमालासारखं सपाट झालं, कडा ओढून ओढून उभी केली तरी त्यात जीव काही येईना.

मग डिसेंबरात मालवणला गेलो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलं. मला वाटलेलं गुलाबी केशरी काहीतरी दिसेल, खाली होतं तपकिरी, शेवाळी, मातकट पिवळं. जरा हिरमुसले खरी, पण ट्यूब धरून एकाच जागी तरंगत राहिले तेव्हा कड दिसली. पानासारखी वर उठलेली, मधेच वळून परत आत गेलेली, आणि अंगभर बारीक बारीक खळगे, एकेका खळग्यात एकेक पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा इवलासा जीव. मी इतके दिवस रंग शोधत होते आणि सगळी गंमत कडेत होती!

घरी आल्यावर शोधाशोध केली तेव्हा कळलं की 1997 मधे कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या गणिताच्या डाइना टायमिना यांनी हायपरबोलिक भूमिती, म्हणजे कडेकडे वाढतच जाणाऱ्या, झालरीसारख्या पृष्ठभागाची भूमिती, चक्क क्रोशावर विणून दाखवली होती, आणि तीच रीत घेऊन मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी 2005 मधे लॉस एंजेलिसला अख्खी प्रवाळ भित्ती विणायला घेतली. रीत सोपी आहे, दर तिसऱ्या टाक्यात दोन मुके खांब (क्रोशाचे साधे बुटके टाके) घालायचे, बास. मी 20 टाक्यांनी सुरुवात केली, दहाव्या ओळीला साडेतीनशेच्या आसपास गेले, जागा पुरेना म्हणून कड आपोआप झालरीसारखी वळत गेली, ओढावी लागली नाही. दोन टाके दर सहाव्यात घातले तर नुसती हलकी लाट येते.

आता फुलवालीकडचं कोंबड्याचं फूल बघितलं तरी मी टाके मोजते.

मालवणला एक तुकडा पांढराफटक पडलेला पाहिला होता. पाणी तापलं की प्रवाळातलं शेवाळ बाहेर पडतं आणि रंग जातो, खाणंही बरंचसं त्या शेवाळाकडूनच मिळत असतं त्याला. तो तुकडा डोळ्यासमोरून जात नाही. सध्या सुईवर तोच आहे, पांढऱ्या सुती दोऱ्यातला, फक्त शेवटची ओळ शेवाळी लोकरीची घेतलीये.