उंबर, भाग 7: ट्रे गेला, वीट तगली

मंडळी, आधी वाईट बातमी. बियांपासून उंबराची रोपं करायला मांडलेल्या ज्या सीडलिंग ट्रेचा फोटो टाकून मी मागच्या वेळी मिरवले होते, तो संपला. शनिवारी संध्याकाळी 163 रोपं मोजली होती. रविवारी सकाळी चहा घेऊन गच्चीवर गेले तर निम्मी आडवी. बुधवारी एकही उरलं नाही.

कोलमड, म्हणजे बुरशीमुळे कोवळी रोपं कोसळण्याचा रोग. ज्यांनी टोमॅटो-मिरचीची रोपं केली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. मातीलगत देठ पाणथळ होतं, दोऱ्याएवढं बारीक होतं, आणि वरची दोन पानं अगदी हिरवीगार असतानाच रोप मान टाकतं. उंबराचं बी खसखशीएवढं, त्याचं रोपही तेवढंच नाजूक. मिरचीचं रोप निदान एक दिवस झुंजतं तरी.

उपाय सगळे करून झाले. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीवर सोडायची मित्र-बुरशी) झालं, चुलीची राख झाली, दालचिनीची पूड झाली (ती कुणी सुचवली होती ते मी विसरलेले नाही). शेवटी टेबलफॅन लावला. सासूबाई म्हणाल्या, "झाडांना पंखा आणि मी बसते घाम पुसत." फॅन खाली आला आणि दोन दिवसांत ट्रे गेला. दोन्हींचा संबंध आहे असं मी त्यांच्यासमोर म्हणणार नाही.

खरा दोषी कोकोपीट, म्हणजे मातीऐवजी वापरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, असं माझं आता ठाम मत झालंय. ऑनलाइन मागवलेली त्याची पाच किलोची लादी चार पाण्यांत धुतली तरी पाणी चहासारखं लाल येत होतं. एप्रिलच्या उन्हात ते बरं वाटतं, कारण ओल धरून ठेवतं. पण पुण्यात आषाढ लागला की ते सुकायचं नावच घेत नाही. वर शेवाळ, खाली चिलटांच्या अळ्या आणि मधे आमची रोपं. पुन्हा घेणार नाही.

"एवढा खटाटोप कशाला, फांदी लाव" असं तिघांनी कळवलंय. फांदी लागते, मान्य. पण उंबराचा भाऊबंद शोभेल असा आफ्रिकेतला सायकमोर अंजीर बघा. इजिप्तमध्ये तो हजारो वर्षं फांद्यांवरच वाढवला गेला. त्याचं परागण करणारी माशी (गांधीलमाशीच्या जातकुळीतली, पण चिलटाएवढी) तिथे नाही, म्हणून फळं धरतात पण बी नाही. आपल्याकडे माशी आहे. उंबर फोडला की उडतात ते केंबरे, त्यांतच ती असते, सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. तिचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात तिला अंडी घालायला योग्य वयाची कोवळी फळं असलेला दुसरा उंबर गाठायचा असतो. एकाच झाडाच्या दहा फांद्या लावल्या तर दहाही झाडं एकाच वळणाची. बियांपासूनची झाडं आपापल्या वेळेला फळतात, माशीला कुठे ना कुठे दार उघडं सापडतं आणि तांबट, हरियाल, कोकीळ, वटवाघळांना वर्षभर काही ना काही मिळतं. म्हणून बी.

आता चांगली बातमी. वीट क्रमांक 4 वर (साधी, भिंतीची भाजलेली वीट) 23 रोपं उभी आहेत!

झालं असं, की ट्रेच्या सुतकात बसले असताना समोरच्या इमारतीच्या पाइपाशेजारी उगवलेल्या पिंपळाकडे लक्ष गेलं. माती नाही, खत नाही, कुणी पाणी घालत नाही, उलट सोसायटी दरवर्षी तो तोडायला माणूस बोलावते. आणि तो हसतोय. मग इंडोनेशियातलं ज्वालामुखीचं बेट क्राकाटोआ आठवलं. 1883 च्या उद्रेकात ते बेट भाजून निघालं, आणि पुढे तिथे जे रान उभं राहिलं त्यात उंबरकुळातली झाडं बऱ्यापैकी लवकर आली, पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या पोटातून. म्हणजे या मंडळींच्या बियांना मऊ गादी नकोच आहे. मी त्यांना कोकोपीटच्या दुलईत गुदमरवत होते. म्हणून बी थेट विटेवरच पेरायचं ठरवलं.

पहिली वीट नवी आणली. चार दिवसांत तिला लोणा फुटला, वर पांढरी मिठाची साय. बी रुजलंच नाही. दुसरीची परात आम्ही भोरला गेलो तेव्हा कोरडी पडली. तिसरीवरचं बी मुंग्यांनी नेलं, एकूण एक, मी बघत असताना. चौथी वीट कसब्यातल्या पाडलेल्या वाड्याची. जुनी, चांगली भाजलेली, कितीतरी पावसाळे खाल्लेली, त्यामुळे मीठ कधीच धुऊन गेलेलं. रात्रभर बुडवून ठेवली, मग परातीत दोन बोटं पाणी घालून त्यात उभी केली. वीट खालून पाणी ओढते, वरचा भाग ओलसर राहतो पण वारा लागतो, आणि बुरशीला खायला तिथे काहीच नाही. मुंग्यांना परातीतलं पाणी आडवं येतं, हा फायदा फुकटात.

बी नेहमीचंच. एरंडवण्यातल्या झाडाखालची पिकून पडलेली फळं पाण्यात कुस्करली, तरंगलेलं फेकलं, बुडालेलं घेतलं. विटेच्या डाव्या अर्ध्या भागावर हे धुतलेलं बी. उजव्या भागावर केबलच्या तारेखाली गोळा केलेली विष्ठा, बुलबुलांची असावी. वर माती अजिबात नाही, या बियांना उजेड लागतो. सतराव्या दिवशी पहिला हिरवा ठिपका दिसला. आज डावीकडे 9, उजवीकडे 14. एका विटेवरून निष्कर्ष काढायचा नसतो हे माहीत आहे, तरी बुलबुल जिंकले असं मी घरात सांगून टाकलंय.

इतकं सगळं करून नांदरूक (वडा-पिंपळाचाच भाऊबंद), पिंपळ, उंबर यांच्यामागेच का, हे नव्यांसाठी थोडक्यात. 2001 मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या तेव्हा या कुळाची फळं खाणारे पक्षी आणि सस्तन प्राणी मिळून 1200 च्या वर जाती निघाल्या. पेरूच्या कोचा काशूच्या जंगलात जॉन टरबॉर्ग यांनी 1986 मध्ये दाखवलं की फळांच्या टंचाईच्या महिन्यांत मोजक्याच जाती फळखाऊ प्राण्यांना तगवतात, आणि त्यात ही मंडळी पुढे. आपल्या टेकड्यांवर लावलेलं गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. फुलं आली की शिंजीर येतात, छान दिसतं, पण शेंगेत तांबटाला काय मिळणार? नीलमोहोराचंही तेच. तोही दक्षिण अमेरिकेचा पाहुणा, फोटोपुरता उत्तम. रोपवाटिकेत विचारलं तर हेच दोन पुढे करतात, नांदरूक मागितला तर बोन्साय दाखवतात.

नांदरुकाची मात्र एक गंमत. हवाईत तो शोभेसाठी नेला, विसाव्या शतकात त्याची माशीही मुद्दाम नेली, आणि आता तिथे तो भिंतीभिंतींतून उगवतो म्हणून लोक वैतागलेत. तेव्हा हे झाड जिथलं आहे तिथे लावलेलंच बरं. आणि इमारतीपासून लांब. टेकडीच्या उघड्या गवताळ माथ्यावर तर नकोच, तिथे चंडोलांचं राज्य आहे. माझी रोपं भोरच्या बांधावर जाणार.

आता नवी अडचण. रोपं विटेतून काढायची कशी? काल चिमट्याने एक ओढून पाहिलं, मूळ विटेच्या छिद्रात तुटलं. 23 लिहिलंय ते त्यानंतरचं. ठरवलं होतं की चार पानांवर आली की छिन्नीने वीट फोडायची. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं, अख्खी वीट हवीच कशाला? आधीच फोडलेले तुकडे, आवळ्याएवढे, परातीत मांडायचे, प्रत्येकावर दोन-तीन बिया. रोप आलं की तुकड्यासकट कुंडीत. मुळाला हातच लावायचा नाही. हे सात भागांत सुचलं नाही! म्हणजे वीट 5 आणि 6 रद्द, पुढच्या महिन्याचा नवा ट्रेही रद्द.

उठून हातोडी घेऊन आले. एका अर्ध्या विटेचे पंधरा तुकडे झाले. चौदा भिजत घातलेत, पंधरावा सासूबाईंनी तुळशीच्या कुंडीला टेकू म्हणून नेला.