जुने व्हिडिओ बघायचा शनिवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली की दुसऱ्या शनिवारी आमच्याकडं जुने व्हिडिओ लागतात. अकरावीच्या मुलांनी फेब्रुवारीतल्या स्नेहसंमेलनासाठी गाण्याचा व्हिडिओ करायचा, पण मागच्या पोरांचं काम पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हा आमचा दंडक. मी इथं संगीत शिकवायचे. निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी या शनिवारी मिरजेहून सांगलीला येतेच येते.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, गुलाबाची फुलं, प्रास्ताविक, यात अर्धा तास जातो. माझा जीव अडकलेला असतो तो त्यानंतर. दिवे जातात, एक व्हिडिओ पूर्ण दाखवतात, आणि ज्यानं तो केला तो उभा राहून सांगतो, आमचं काय चुकलं. मग तोच व्हिडिओ पुन्हा, थांबवत थांबवत.

पहिल्या बॅचचा कृष्णाकाठचा. मागं १९२९ सालच्या आयर्विन पुलाच्या कमानी, पुढं मुलगा गातोय. चित्र देखणं, पण ओठ एकीकडं आणि शब्द एकीकडं. तो मुलगा आता लग्नांचं शूटिंग करतो. दर वर्षी येऊन सांगतो, "गाणं मोबाइलवर लावलेलं, वाऱ्यात ऐकूच येईना. त्यात मी लाजून नुसते ओठ हलवले." म्हणून आता मोठा स्पीकर नेतात. गाण्याच्या आधी चार ठोके भरून घेतात, म्हणजे संकलनात चित्र नेमकं बसवता येतं. आणि गायचं ते खरंच, मोकळ्या आवाजात. छाती भरली, गळ्याच्या शिरा ताणल्या की बघणाऱ्याला पटतं. दम कुठं घेतलाय ते पडद्यावरही दिसतं. मी वर्गात हेच घोकून घ्यायची, पण त्याच्या तोंडून ऐकताना पोरं मान डोलावतात. आणखी एक सांगतो तो: दर वेळी पूर्ण गाणं घ्या, एकदा लांबून, एकदा कमरेपर्यंत, एकदा नुसता चेहरा. त्यांनी ओळी वाटून घेतल्या होत्या, त्यामुळं एक ओळ बिघडली तर तिथं लावायला दुसरं काहीच नव्हतं.

मग हरिपूरची मुलगी. तिच्या व्हिडिओत हळद हवेत उडते, सावकाश खाली येते, आणि त्या संथपणातही तिचे ओठ शब्दांवर चोख बसतात. इथं नवी पोरं दर वर्षी पुढं सरकून बसतात. गाणं दुप्पट वेगानं लावलं, तिनं तसंच भराभर म्हटलं, चित्रण सेकंदाला ५० फ्रेमनं केलं आणि ते २५ नं चालवलं, एवढीच युक्ती. पण त्यासाठी आठ दिवस ती घरात दुप्पट वेगानं ओव्या म्हणत होती. आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या. आधीच्या दोन बॅचनी सिनेमातली गाणी घेतली होती. त्यात गीताचे, चालीचे, ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे, म्हणून ते व्हिडिओ आम्हाला हॉलबाहेर नेता आले नाहीत. ओवीला कुणाची परवानगी लागत नाही. साथीला तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला. तिला पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, उतरून चित्रण करायचं होतं. बंद पेवातली हवा घातकी, म्हणून आज्जीनं उतरू दिलं नाही. ती पेवाच्या तोंडाशी नुसती बसली, आणि तेच दृश्य सगळ्यात सुंदर झालं.

पण मी ज्याच्यासाठी येते ते शेवटी असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विनपाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. शाळेचा तळमजला पाण्यात गेला आणि सगळे जुने व्हिडिओ ज्या संगणकात होते तोही गेला. त्या वर्षीच्या अकरावीतली एक मुलगी, जिच्या स्वतःच्या घरातला चिखल अजून निघायचा होता, पेनड्राइव्ह घेऊन माजी विद्यार्थ्यांच्या दारोदार फिरली. कुणाच्या लॅपटॉपवर, कुणाच्या जुन्या मोबाइलवर, एकेक करत तिनं सगळे जमवले. दोन मिळाले नाहीत.

ते दोन ती दर वर्षी सांगते. पडदा कोरा, दिवे बंद, आणि ती उभी राहून एकेक दृश्य बोलते: आता नदी, आता जिना, आता हात. त्यातल्या एकात आमचे तबल्याचे सर होते. ते आता नाहीत. "सरांचा डावा हात डग्ग्यावर, बोटाला चुन्याचा डाग," असं ती म्हणते तेव्हा मला तो हात दिसतो. टाळ्या कुणी वाजवत नाही.

आणि एवढं ऐकायला माणसं किती? स्नेहसंमेलनाला पालकांना बसायला जागा नसते. गेल्या शनिवारी १२० खुर्च्या मांडल्या, ४० भरल्या. पुण्यातले माजी विद्यार्थी ग्रुपवर हात जोडलेलं चित्र पाठवतात. शिक्षकांतले काही चहा झाला की निघतात. मला हे लागतं, आणि मी ते तोंडावर बोलते.

जे राबतात त्यांची नावं मंचावरून घाईत घेतली जातात, म्हणून इथं सावकाश. जुने फ्लेक्स उलटे लावून खिडक्या बंद करणारे शिपाईमामा. प्रयोगशाळेतले सहायक, जे प्रोजेक्टर सांभाळतात. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे येतात ते आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून, शटर १/५० वर ठेवा, हे मुलांना त्यांनीच शिकवलं. भाडं न घेता स्पीकर देणारे मंडपवाले. चहा आणि भडंग करणाऱ्या मावशी, खुर्च्या पुसणारी त्यांची सून. तंबोरा देणारे चाचा. गेट उशिरापर्यंत उघडं ठेवणारे वॉचमनकाका. सूत्रसंचालन करणारी बारावीतली दोघं, आणि वायर पायात येऊ नये म्हणून पूर्ण वेळ खाली बसलेला नववीतला मुलगा.

हे लिहून झाल्यावर रात्री आठवलं, एक राहिलंच. पुरानंतर त्या मुलीला पेनड्राइव्हसकट घरोघर नेणारे रिक्षावाले काका. पंधरा दिवस फिरवलं, घेतले फक्त पेट्रोलचे पैसे. इतक्या वर्षांत त्यांना साधं निमंत्रणही गेलेलं नाही. सकाळी स्टँडवर जाऊन मी त्यांना गाठलं, झालेली चूक सांगितली. ते म्हणाले, "ते असू द्या बाई. दोन राहिलेत ना अजून?" मी हो म्हटलं. त्यातल्या एका पोराचं घर विट्याला गेल्याचं त्यांच्या कानावर आलंय. "रविवारी तिकडं भाडं आहे, विचारून येतो."